तलाव बांधील त्याची जमीन

संपत्तीविषयीं चर्चा निघाली, कीं ती बहुधा एकाच प्रश्नाभोंवतीं फिरत राहते: कोणापाशीं किती असावें? एका घरीं अन्न उतूं जातें आणि शेजारच्या घरीं चूल पेटत नाहीं, ही स्थिति जोंपर्यंत डोळ्यांसमोर आहे, तोंपर्यंत हा प्रश्न विचारला जाणारच, आणि तो विचारलाच पाहिजे. परंतु त्याच्या पोटांत आणखी एक प्रश्न दडलेला असतो, आणि त्याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. ज्याच्यापाशीं आहे, त्याला तें कशाबद्दल मिळालें? आणि मिळाल्यावर त्या हक्काबरोबर कोणतें कर्तव्य त्याच्या गळ्यांत पडलें? ह्या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा, तर आपल्या महाराष्ट्राच्या पूर्व टोंकाला असलेल्या एका रानवट प्रदेशाचा इतिहास फार उपयोगी पडतो. तो प्रदेश म्हणजे जुना चांदा जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्याचे दोन भाग झाले. आज आपण त्यांना चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या नांवांनीं ओळखतों.

ह्या प्रदेशाच्या मधून वैनगंगा वाहते, पश्चिमेकडून वर्धा येते. दोघी मिळून प्राणहिता होते, आणि सिरोंच्यापाशीं ती गोदावरीच्या कुशींत शिरते. पूर्वेकडील तालुक्यांत मुख्य पीक धानाचें. पावसाचा येथें तोटा नाहीं. पण धानाला नुसता पुष्कळ पाऊस पुरत नाहीं, तो वेळेवर यावा लागतो. रोवणी उरकली, बांध्या हिरव्यागार झाल्या, आणि भाद्रपदाच्या अखेरीस पावसानें पाठ फिरविली, कीं ऐन लोंबी भरण्याच्या वेळीं जमीन भेगाळूं लागते आणि वर्षाची मेहनत पंधरा दिवसांत वाळून जाते. आषाढाचें पाणी आश्विनापर्यंत अडवून धरणें, हाच येथील शेतीचा प्राण. म्हणून येथील संपत्तीचा इतिहास हा जमिनीचा इतिहास असण्यापूर्वीं पाण्याचा इतिहास आहे.

चांद्यास गोंड राजांचें राज्य कित्येक शतकें नांदलें. त्यांची राजधानी आधीं सिरपुरास, पुढें बल्लारशास आणि शेवटीं चंद्रपुरास होती. खांडक्या बल्लाळशहानें चंद्रपूर वसविलें, अशी कथा आहे; आणि शहराभोंवतींचा दगडी कोट, अचलेश्वराचें व महाकालीचें देऊळ, राणी हिराईनें बिरशहाच्या स्मरणार्थ उभविलेली समाधि हीं त्या वैभवाचीं चिन्हें आजहि उभीं आहेत. परंतु ह्या घराण्याचें खरें स्मारक मला कोटांत किंवा समाधींत दिसत नाहीं. तें दिसतें एका साध्या नियमांत. हिरशहा ह्या राजाच्या नांवावर परंपरा असें सांगते, कीं त्यानें आपल्या राज्यांत दवंडी पिटविली: जो रान तोडून जमीन लागवडीस आणील, त्याला तिचा अधिकार मिळेल, आणि जो तलाव बांधील, त्याच्या तलावाचें पाणी जेवढ्या जमिनीला पोंचेल, तेवढी जमीन त्याला बक्षीस मिळेल. अशा देणगीला ‘तुकूम’ म्हणत. शब्द अजून पुसला गेलेला नाहीं. चंद्रपूर शहरांतील एका मोठ्या वस्तीचें नांव तुकूम आहे, आणि आसपासच्या तालुक्यांत कित्येक गांवांच्या नांवांमागें हा शब्द जोडलेला आढळतो.

ह्या नियमाचा अर्थ जरा बारकाईनें पाहूं या. जहागिरी आणि इनामें हिंदुस्थानांत सर्वत्र दिलीं गेलीं. तीं तरवार गाजविल्याबद्दल मिळालीं, राजाची मर्जी संपादिल्याबद्दल मिळालीं, कधीं केवळ योग्य वेळीं योग्य बाजूस उभें राहिल्याबद्दल मिळालीं. तुकूमची गोष्ट वेगळी. येथें देणगी आधींच्या कुणाच्या तोंडचा घांस काढून दिलेली नव्हती. जें धान पूर्वीं पिकत नव्हतें, तें पिकविण्याची सोय करणाऱ्याला तिचा मोबदला मिळत होता. दुसरें असें, कीं ह्या देणगीची मर्यादा राजाच्या लहरीनें ठरत नसे. ती पाण्यानें ठरे. पाणी जेथें थांबेल तेथें हक्क थांबेल. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पाळ फुटली तर हक्क कागदोपत्रीं कितीहि शाबूत असला, तरी त्याची किंमत शून्य. म्हणजे धनी होणें आणि राखणदार होणें हीं दोन कामें एकाच माणसाच्या माथीं होतीं, आणि त्यांची ताटातूट करणें त्याच्याच हिताच्या विरुद्ध होतें.

हे तलाव बांधणारे प्रामुख्यानें कोहळी समाजाचे लोक. चांद्याच्या एका गोंड राजानें काशीयात्रेहून परततांना त्यांच्या पूर्वजांना बरोबर आणलें, अशी त्यांची परंपरा आहे. ऊंस पिकविणें आणि तलाव बांधणें ह्यांत त्यांचा हातखंडा. चांद्याच्या शेजारीं, आजच्या गोंदिया जिल्ह्यांत, नवेगांवबांधचा विस्तीर्ण जलाशय आहे. तो अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी ह्यानें बांधला असें मानतात. डोंगरांच्या मधल्या खिंडी मातीच्या पाळींनीं बुजवून त्यानें तो साधला. लोकांनीं कोलूला पुढें देव केलें. कोलासुर ह्या नांवानें त्याचें ठाणें तेथील डोंगरावर आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया ह्या चार जिल्ह्यांत मिळून असे जुने तलाव आजहि सहा हजारांहून अधिक मोजले जातात. लहान तळ्याला बोडी म्हणतात. पाणी सोडण्याची वाट म्हणजे तुडूम. जास्तीचें पाणी पाळ न फोडतां ज्या वाटेनें निघून जातें, तें सलंग. वरच्या तलावाच्या सलंगाचें पाणी खालच्या बोडींत, बोडीचें त्याखालच्या बांधींत, अशी उतरंड असे. कोणी पदवीधर अभियंता तेथें नव्हता. होता तो उताराचा आणि मातीचा पिढ्यान् पिढ्यांचा अभ्यास.

संपत्ति आणि सार्वजनिक काम ह्यांची सांगड घालण्याचे प्रयत्न इतरत्रहि झालेले आहेत. गिरनारच्या पायथ्याशीं सुदर्शन नांवाचा तलाव होता. चंद्रगुप्त मौर्याच्या काळीं तो बांधला गेला, अशोकाच्या काळीं त्याला पाट काढले गेले. इसवी सन १५० च्या सुमारास वादळानें तो फुटला, तेव्हां मंत्र्यांनीं दुरुस्ती अशक्य ठरविली. पण क्षत्रप रुद्रदामन् ह्यानें ती करविली, आणि प्रजेवर नवा कर न बसवितां, वेठ न लावतां, स्वतःच्या खजिन्यांतून करविली, असें त्याचा शिलालेख अभिमानानें सांगतो. प्राचीन अथेन्स नगरींत श्रीमंत नागरिकांवर सार्वजनिक कामें सोंपविलीं जात: कोणी युद्धनौका सज्ज ठेवावी, कोणी उत्सवांतील नाट्यप्रयोगाच्या गायकवृंदाचा खर्च सोसावा. आपल्यापेक्षां अमुक गृहस्थ अधिक श्रीमंत असतांना ओझें आपल्यावर कां, अशी ज्याची तक्रार असे, त्याला त्या गृहस्थाला आव्हान देतां येई: हें काम तूं पत्कर, नाहीं तर तुझी सारी मालमत्ता मला दे आणि माझी तूं घे! ह्या दोन्ही उदाहरणांत संपत्ति आधीं येते आणि कर्तव्य मागाहून. तुकूममध्यें क्रम उलटा आहे. तेथें काम आधीं, जमीन नंतर.

एवढ्यावरून तो सुवर्णकाळ होता असें कोणीं समजूं नये. पाळीवर पडलेली माती कोलू पाटलानें एकट्यानें वाहिली नाहीं. हजारों टोपल्या हजारों डोक्यांवरून गेल्या. त्या डोक्यांवर देवपण आलें नाहीं, आणि त्यांचीं नांवेंहि कोणीं लिहून ठेवलीं नाहींत. मजुरी कुठें मिळाली असेल, कुठें वेठच झाली असेल. तलावाजवळची उत्तम जमीन गांवच्या धन्याची, आणि शेवटच्या टोंकाची, जेथें पाणी पोंचेल न पोंचेल अशी, ती दुबळ्याची, हा प्रकार मनुष्यस्वभावाला सोडून नाहीं. त्याहून मोठें वैगुण्य दुसरेंच होतें. गांवच्या तळ्याचें पाणी गुरांना मिळे, धानाला मिळे; पण गांवांतल्या सगळ्या माणसांच्या ओंजळीला तें मिळेच, असें आपल्या देशांत नव्हतें. २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं ओंजळ भरून घेतली, तेव्हां साऱ्या देशाला हें ऐकावें लागलें. त्याच बाबासाहेबांनीं १६ ऑक्टोबर १९५६ रोजीं, नागपुरानंतर दोनच दिवसांनीं, चंद्रपुरास हजारों लोकांना धम्मदीक्षा दिली. ज्या गांवगाड्याचे आपण गुण गातों, त्याच्या बाहेर पडण्यासाठीं इतकीं माणसें आतुर होतीं, ही गोष्ट त्या गांवगाड्याचा इतिहास लिहितांना विसरतां येत नाहीं.

आतां पुढील काळाकडे वळूं. १७५१ मध्यें नागपूरकर रघूजी भोसल्यांनीं चांद्याचें राज्य खालसा केलें, आणि १८५४ मध्यें नागपूरचें राज्य इंग्रजांनीं गिळलें. मराठी अमदानींत गांवचा मालगुजार हा मूलतः वसुलाचा मक्तेदार होता. त्याचा अधिकार सरकारच्या मर्जीवर. इंग्रजांनीं मध्यप्रांत बनविल्यावर, १८६० नंतरच्या जमाबंदींत, ह्याच मालगुजारांना गांवांची मालकी बहाल केली. वसूल करणारा तो मालक झाला. ह्या बदलाचें गांभीर्य एका प्रसंगानें ध्यानांत येईल. १८५८ मध्यें मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके ह्यांनीं गोंडांना घेऊन इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललें. अहेरीच्या जमीनदारीणबाईंच्या मदतीनें ते पकडले गेले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्याच्या तुरुंगांत त्यांना फांशी देण्यांत आली. ह्या कामगिरीबद्दल अहेरीस अडपल्ली आणि घोट ह्या मुलखांतलीं ६७ गांवें मिळालीं. ज्या प्रदेशांत पूर्वीं तलाव बांधल्याबद्दल जमीन मिळत होती, त्याच प्रदेशांत आतां ती बंडवाला धरून दिल्याबद्दल मिळाली. जमीन तीच, पण ती कशाबद्दल मिळते, हें बदललें, आणि त्याबरोबर श्रीमंतीचा अर्थच पालटला.

तरीहि जुनी चाल एका दिवसांत मेली नाहीं. जमाबंदीच्या वेळीं प्रत्येक गांवचा ‘वाजिब-उल-अर्ज’ लिहिला गेला. त्यांत गांवच्या चालीरीति आणि रयतेचे निस्ताराचे हक्क नोंदले गेले. जळणाचें लांकूड कोठून आणावें, गुरें कोठें चारावीं, तलावाचें पाणी कोणत्या शेतांना मिळावें, हें सर्व त्यांत येई. पाण्यासाठीं पैसा मोजण्याची पद्धति सहसा नव्हती. त्याऐवजीं उन्हाळ्यांत पाळ दुरुस्त करण्यासाठीं आणि पाट साफ करण्यासाठीं हात लावावे लागत. मालगुजार पुष्कळदां कठोर असे, कर्जानें कुळांना पिळणारा असे. परंतु पाळीला भगदाड पडलें तर रात्रीं कंदील घेऊन धांवण्यावांचून त्याला गत्यंतर नसे, कारण पहिलें वाहून जाणारें धान त्याचेंच. १८९६-९७ आणि १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांनीं मध्यप्रांत होरपळून निघाला. त्यानंतर सरकारनें स्वतः मोठे तलाव हातीं घेतले; नागभीडजवळचा घोडाझरी आणि सावलीकडचा आसोलामेंढा हे त्या धोरणाचीं फळें. परंतु दूरच्या कचेरींतून चालणारा तलाव आणि गांवच्या चावडीवरून चालणारा तलाव ह्यांतील अंतर तेव्हांपासूनच दिसूं लागलें.

चांद्याच्या शेजारींच, वर्धा जिल्ह्यांतील शेगांव ह्या खेड्यांत, १९३६ मध्यें महात्मा गांधी येऊन राहिले. पुढें त्याचें नांव सेवाग्राम झालें. श्रीमंतानें आपल्या गरजेपलीकडील संपत्तीचा स्वतःला मालक न समजतां विश्वस्त समजावें, ह्या विचाराचा त्यांनीं आयुष्यभर पाठपुरावा केला. त्यावर त्यांच्या टीकाकारांनीं एक खडा सवाल टाकला होता: विश्वस्त आपलें काम करीत नसेल, तर त्याला दूर करणार कोण? सवाल रास्त होता. मालगुजारीच्या बाबतींत त्याचें उत्तर कायद्यानें दिलें. १९५० चा मध्यप्रदेश मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलांत आला, आणि मालगुजारी व जमीनदारी संपली. घरशेती त्यांच्याकडे राहिली. रान, पडीत आणि ज्यांवर इतरांचा पाण्याचा हक्क होता ते तलाव सरकारजमा झाले. हें झालें तें न्याय्यच झालें. वसुलाच्या मक्त्यांतून जन्मलेली मालकी कायम ठेवण्यास कोणतेंहि नैतिक कारण उरलेलें नव्हतें.

परंतु येथेंच इतिहासानें एक पेंच टाकला. कायद्यानें मालगुजाराचा हक्क कोणाकडे जावा हें स्पष्ट लिहिलें. त्याचें कर्तव्य कोणाकडे जावें, हें मात्र तितक्या स्पष्टपणें कोणाच्याच पदरीं बांधलें गेलें नाहीं. मालगुजार म्हणूं लागला, तलाव माझा नाहीं. मीं पाळ कां बांधावी? शेतकरी म्हणूं लागला, तलाव सरकारचा झाला, सरकारनें बांधावी. सरकारनें पाणीपट्टी मागितली, तेव्हां शेतकऱ्यांनीं निस्ताराचा जुना हक्क पुढें केला. पट्टी मिळेना म्हणून दुरुस्ती होईना, आणि दुरुस्ती होईना म्हणून पट्टी द्यावीशी वाटेना. १९५६ मध्यें विदर्भ मुंबई राज्यांत आला, १९६० मध्यें महाराष्ट्र झाला, १९६२ मध्यें जिल्हा परिषदा आल्या. शंभर हेक्टरांपर्यंत भिजविणारे तलाव परिषदेकडे आणि त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. सही करणारे अधिकारी बदलत गेले. तलावांत मात्र गाळ सांचत राहिला, कांठावर बेशरम माजली, उघड्या पडलेल्या पात्रांत हळूहळू शेतें शिरलीं. पाणी उथळ झालें तशी मासळी घटली, आणि जाळ्यावर पोट असलेल्या ढिवरांच्या चुलींना त्याची झळ लागली. श्रीमंताची श्रीमंती गेली. गरिबाचें पाणीहि गेलें. हा कायद्याचा हेतु नव्हता. पण विषमता मोडणें आणि सामाईक संपत्ति जोपासणें हीं दोन वेगळीं कामें आहेत. पहिलें केल्यानें दुसरें आपोआप होत नाहीं, हें येथें स्पष्ट झालें.

जें तलावांचें झालें, तें रानांचें त्याही आधीं झालें होतें. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर सरकारी रानांवर पहारा बसला, आणि ज्यांचे आजे-पणजे त्या रानांत जन्मले, त्यांना जळण आणतांना चोरासारखें इकडेतिकडे पाहावें लागूं लागलें. अहेरीसारख्या जमीनदारींतील सागवान जमीनदाराचें होतें. १९५१ नंतर तेंहि सरकारचें झालें. बल्लारपूरचा कागद कारखाना १९४५ मध्यें स्थापन झाला, आणि पुढें ह्या रानांतील बांबू सरकारी करारानें त्याच्याकडे जाऊं लागला. ज्या कागदावर आपण लिहिलें, ज्यावर आपल्या मुलांनीं धडे गिरविले, त्यांतील कांहीं ह्या बांबूचा होता. बांबूचा कागद झाला, कागदाचें ज्ञान झालें, ज्ञानाची समृद्धि झाली. आणि त्या मार्गावर जागोजागीं कोणी ना कोणी सुखी झालें. पहिल्या पायरीवरचा बांबूतोड्या मात्र दिवसाच्या मजुरीवरच थांबला.

ह्या कथेचा आजवरचा शेवटचा अध्याय गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) ह्या लहानशा गोंड गांवानें लिहिला. शंभराच्या आसपास घरांची ही वस्ती. इंद्रावती आणि गोदावरीवरील नियोजित धरणांविरुद्ध १९८४ च्या सुमारास ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झालें, त्यांतून ह्या गांवाला स्वतःच्या शक्तीची जाणीव झाली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ह्यांच्या प्रयत्नांनीं तेथें एक शिस्त रुजली: निर्णय बहुमतानें नाहीं, सर्वांच्या संमतीनें, आणि निर्णयापूर्वीं अभ्यास. ‘दिल्ली-मुंबईत आमचें सरकार, आमच्या गांवांत आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा महाराष्ट्रांत गाजली. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें २००९ मध्यें मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण ह्यांच्या उपस्थितींत बांबूच्या वाहतुकीच्या परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं आलें. पुढें २०१३ मध्यें गांवानें १९६४ च्या ग्रामदान कायद्याप्रमाणें आपली शेतजमीनहि ग्रामसभेच्या नांवें करण्याचा ठराव केला. विनोबांनीं मांडलेल्या सुलभ ग्रामदानांत कसणारा आपली जमीन कसतच राहतो. विसावा हिस्सा भूमिहीनांसाठीं निघतो, आणि जमीन गांवाबाहेर विकली जाण्याची वाट बंद होते.

अशा गांवांपैकीं चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यांतील पाचगांवची गोष्ट मला विशेष मननीय वाटते. २०१२ मध्यें ह्या गांवाला सुमारे एक हजार हेक्टर रानाचा हक्क मिळाला. बांबूची विक्री सुरू झाली, कामाच्या शोधांत बाहेर जाण्याची गरज उणावली. उन्हाळ्यांत तेंदूपत्त्याचेंहि हमखास उत्पन्न मिळण्यासारखें होतें. परंतु ग्रामसभेनें विचार केला: पत्ता चांगला फुटावा म्हणून तेंदूचीं झाडें छाटतात, रानाला आगी लावतात, त्यानें झाडांचें फळ जातें, रान जळतें, आणि अखेर पत्त्याची विडीच होते. गांवानें तें उत्पन्न सोडून दिलें. शिवाय रानाचा कांहीं भाग देवराईसारखा अजिबात न तोडतां राखण्याचें ठरविलें. पोट भरलेल्या माणसानें त्यागावर व्याख्यान देणें सोपें आहे. ज्यांच्या हातीं पिढ्यान् पिढ्यांत प्रथमच पैसा खेळूं लागला, त्यांनीं ‘इतका पुरे’ म्हणणें ही वेगळ्या तोलाची गोष्ट आहे. चांगलें जगणें म्हणजे काय, ह्या प्रश्नाला त्यांनीं दिलेलें हें उत्तर आहे.

मेंढा किंवा पाचगांव म्हणजे सर्व रोगांवरचें औषध, असें मी म्हणत नाहीं. शंभर घरें एका गोटुलाच्या ओसरीवर बसूं शकतात; लाखांचें शहर बसूं शकत नाहीं. जेथें गांवांत जातीच्या भिंती उंच आहेत, तेथें सर्वसंमति ह्या शब्दाआड बलवानाचीच संमति लपूं शकते. परंतु ह्या गांवांनीं एक गोष्ट सिद्ध केली. १९५१ मध्यें जी गांठ सुटली होती, ती पुन्हां बांधतां येते. हक्क ज्याच्याकडे, राखण त्याच्याकडे. आणि हें राखण्याचें काम एका धन्याऐवजीं सर्वांनीं मिळून करावयाचें. गोंड राजांच्या तुकूममध्यें राखणदार होता, पण समता नव्हती. निर्मूलनाच्या कायद्यांत समतेची इच्छा होती, पण राखणदार नव्हता. दोन्ही एकत्र आणण्याचा हा प्रयत्न आहे, आणि तो त्याच मातींत चालला आहे.

शेवटीं, श्रोतेहो, हा प्रश्न वैनगंगेच्या कांठींच राहत नाहीं. चंद्रपूरजवळील महाऔष्णिक वीजकेंद्राची क्षमता सुमारे २,९०० मेगावॅट आहे. तेथील कोळशाचा उजेड राज्याच्या दूरदूरच्या शहरांतील दिवाणखान्यांत पडतो, आणि राख व धूर चंद्रपुरास राहतात. एटापल्ली तालुक्यांत माडियांनीं पूज्य मानलेल्या सूरजागडच्या डोंगरांतून लोखंडाचें खनिज निघतें, आणि त्याच्या पोलादावर कोठें तरी घरें उभीं राहतात. त्या घरांत राहणारे लोक दुष्ट नसतात. पुष्कळ जण सज्जन असतात, कष्टानें मिळवितात, मुलांना चांगलें वळण लावतात, प्रसंगीं दानहि करतात. पण जुन्या मालगुजाराला जें भय होतें तें त्यांना नाहीं. पाळ फुटली तर त्याचें धान आधीं वाहून जाई. आज कोठें पाळ फुटली, तर आपल्या घरांतला दिवा मिणमिणतहि नाहीं. सुख आणि त्याचें मूळ ह्यांच्यामध्यें एवढें अंतर पडलें, कीं सद्वर्तनी मनुष्यहि नकळत दुसऱ्याच्या पाण्यावर आपलें शेत पिकवीत राहतो.

म्हणून नीतीनें जगूं इच्छिणाऱ्या गृहस्थानें आपल्या मिळकतीचा हिशेब जमेच्या आंकड्यापाशीं संपवूं नये. आपलें सुख कोणत्या तलावाचें आहे, त्याची माती कोणीं वाहिली, आणि त्याचें पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोंचतें कीं नाहीं, एवढें तरी त्यानें विचारावें. चांद्याच्या त्या जुन्या दवंडींत राजानें संपत्तीची एक अट सांगितली होती. ती अट आजहि कोणीं रद्द केलेली नाहीं. पाळ राखण्याची ज्याची तयारी असेल, त्यानेंच पाण्यावर हक्क सांगावा.